आलेख काढणाऱ्या अवजाराला वाली कोण?

११ एप्रिल २०१९च्या सकाळी जगातल्या बहुतेक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एकच चित्र होते. काळ्या पार्श्वभूमीवर केशरी कडे, खालच्या अंगाला जरा अधिक उजळ. एम८७ या दीर्घिकेच्या गाभ्यातल्या, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवराची ती पहिली प्रतिमा. तिच्यासाठी जगात दूरदूरच्या ठिकाणी असलेल्या दुर्बिणी एप्रिल २०१७मध्ये एकाच दिशेला रोखल्या गेल्या होत्या. जमलेले आकडे इतके अफाट होते, की ते इंटरनेटवरून पाठवणे शक्यच नव्हते. हार्ड डिस्कचे गठ्ठे विमानाने न्यावे लागले. बातम्यांत दुर्बिणींची नावे आली, शास्त्रज्ञांची आली, गणिती पद्धतींचीही आली. ज्या सॉफ्टवेअरने ते केशरी कडे प्रत्यक्ष रेखाटले, त्या ‘मॅटप्लॉटलिब’चे नाव मात्र त्या गाजावाजात कुठे ऐकू आले नाही.

या प्रतिमेच्या घोषणेत पुढे असलेली आणि प्रकल्पाला मोठा निधी देणारी संस्था म्हणजे अमेरिकेचे नॅशनल सायन्स फाउंडेशन. घोषणेनंतर अवघ्या पाच दिवसांनी याच संस्थेने एक अनुदान-प्रस्ताव फेटाळला. मॅटप्लॉटलिब आणि त्याच्या सोबतीच्या पायथन सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी तो होता. नकाराचे कारण असे, की या सॉफ्टवेअरचा प्रभाव पुरेसा नाही.

हा प्रसंग अमेरिकेतला असला, तरी त्यातली चूक आपल्या विद्यापीठांत, संशोधन संस्थांत आणि मंत्रालयांतही रोज होते. आकड्यांचा आलेख काढणारे सॉफ्टवेअर हे कारकुनी काम मानले जाते. दुर्बीण हे उपकरण, सूक्ष्मदर्शक हे उपकरण; पण त्यांतून आलेले आकडे डोळ्यांना दिसतील असे मांडणारे साधन मात्र फुकट मिळणारी सोय. ही समजूत बदलायला हवी. आलेख काढणारे सॉफ्टवेअर हे विज्ञानाचे पूर्ण दर्जाचे उपकरण आहे. त्याची घडण आणि डागडुजी हे वैज्ञानिक काम आहे, आणि त्याचा खर्च विज्ञानाच्या खर्चातच धरला पाहिजे.

मॅटप्लॉटलिबचा जन्मच एका अडवणुकीतून झाला. २००२-०३च्या सुमारास जॉन हंटर हा तरुण शिकागो विद्यापीठात अपस्माराच्या रुग्णांवर संशोधन करत होता. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवतात आणि त्यांतून येणाऱ्या विद्युत संकेतांच्या रेषा वाचून झटका नेमका कुठून उठतो ते ठरवतात. या रेषा पाहण्यासाठी प्रयोगशाळेत एक विकतचे सॉफ्टवेअर होते, पण लायसन्स एकच. ते चालवायला संगणकाला एक छोटे डोंगल जोडावे लागे. पीएच.डी.चे विद्यार्थी, वैद्यकीय विद्यार्थी, पोस्टडॉक, प्राध्यापक असे सगळे त्या एका डोंगलसाठी ताटकळत. आकडे स्वतःच्या प्रयोगाचे, रुग्ण स्वतःच्या रुग्णालयातला, पण त्याच्या मेंदूची रेषा पाहायला रांगेत उभे राहायचे.

हंटरने आधी मॅटलॅब या दुसऱ्या विकतच्या प्रणालीत पर्याय लिहिला. पण सीटी स्कॅन, एमआरआय, मेंदूचे आलेख अशी नाना तऱ्हेची आणि वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलेली माहिती एकत्र आणताना मॅटलॅब अपुरे पडू लागले. मग तो पायथन या मुक्त भाषेकडे वळला. तिच्यात बाकी सगळे होते, पण मनासारखा आलेख काढून देणारे साधन नव्हते. ते त्याने स्वतः लिहिले, २००३मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि मॅटलॅबची सवय असलेल्यांना परके वाटू नये म्हणून आज्ञाही त्याच वळणाच्या ठेवल्या. या आज्ञांचा संच म्हणजेच मॅटप्लॉटलिबमधले ‘पायप्लॉट’ हे मोड्यूल. आपल्याकडे सीबीएसईच्या बारावीला इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस घेणारी मुले रेषालेख, स्तंभालेख आणि हिस्टोग्राम काढायला जे शिकतात, ते हेच पायप्लॉट. शिकागोच्या त्या प्रयोगशाळेतली गरज आज भारतातल्या शाळकरी मुलाच्या पाठ्यक्रमात येऊन बसली आहे.

वापरणाऱ्याला हे सगळे फार सोपे वाटते. आकड्यांचे दोन रकाने द्यायचे, ‘प्लॉट’ म्हणायचे, की पडद्यावर रेघ हजर. पण त्या क्षणभरात सॉफ्टवेअर डझनभर निर्णय घेते. अक्ष कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, त्यावर खुणा किती आणि कोणत्या आकड्यांवर करायच्या (सतरा पूर्णांक तीनवर नको, वीसवर हव्यात), रेघेच्या दोन्ही टोकांना किती मोकळी जागा सोडायची, रेघ किती जाड, रंग कोणता. नंतर प्रत्येक आकड्याचे पडद्यावरच्या बिंदूत रूपांतर करायचे. तिरक्या रेघेच्या कडा दातेरी दिसू नयेत म्हणून त्या गुळगुळीत करायच्या. तोच आलेख छापखान्यासाठी पीडीएफमध्ये हवा असेल, तर तो वेगळ्या रीतीने पुन्हा रचायचा. यातले बहुतेक निर्णय वापरणाऱ्याने घेतलेले नसतात. ते घेतले गेले आहेत हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

त्यातला एक निर्णय वर्तमानपत्राच्या वाचकाच्या थेट कामाचा आहे. काही न सांगता स्तंभालेख काढला, तर मॅटप्लॉटलिब उभा अक्ष शून्यापासून सुरू करते. रेषालेख काढला, तर तो आकड्यांच्या आसपासच सुरू होतो. म्हणजे ९८वरून ९९वर गेलेली गोष्ट स्तंभात जवळजवळ सपाट दिसते आणि रेषेत डोंगर चढल्यासारखी. दोन्ही पद्धतींना कारण आहे. स्तंभाची उंचीच माप सांगते, म्हणून तिथे शून्य हवे. तापमानाच्या रेषेला शून्यापासून सुरू करण्यात अर्थ नसतो. पण मूळ आकडे न पाहता केवळ रेघेचा चढ पाहून मत बनवणारा वाचक, अधिकारी किंवा पुढारी नकळत सॉफ्टवेअरच्या या निवडीवर विसंबलेला असतो.

रंगांच्या बाबतीत तर ही निवड कुणाच्या प्रकृतीवरही बेतू शकते. आकड्यांचा नकाशा रंगवताना कमी-जास्त किंमत दाखवायला जी रंगपट्टी वापरतात, ती वर्षानुवर्षे इंद्रधनुषी होती: निळ्यापासून हिरव्या-पिवळ्यावरून तांबड्यापर्यंत. ‘जेट’ हे तिचे नाव. मॅटलॅबमध्ये ती आपोआप लागायची, म्हणून मॅटप्लॉटलिबनेही तीच घेतली आणि हवामानापासून वैद्यकापर्यंत हजारो शोधनिबंध तिने रंगले. दिसायला ती आकर्षक, पण तिच्यात मोठा दोष. पिवळा आणि आकाशी रंग डोळ्याला जास्त उजळ भासतात. त्यामुळे आकड्यांत नसलेल्या कडा चित्रात उगवतात आणि असलेले बारकावे हिरव्याच्या पट्ट्यात बुडून जातात. काळ्या-पांढऱ्या छपाईत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमत दोन्ही सारख्याच काळपट होतात. ज्याला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही त्याची तर पंचाईतच; आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारे ८ टक्के लोक असतात.

हा केवळ सौंदर्यदृष्टीचा वाद नाही. हार्वर्डमधल्या मिशेल बोर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये हृदयाच्या रोहिण्यांच्या चित्रांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोहिणीच्या भिंतीवर रक्तप्रवाहाचा ताण जिथे फार कमी पडतो, तिथे पुढे चरबीचा थर साचण्याचा धोका असतो. अशा जागा वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रात शोधायला सांगितल्या. इंद्रधनुषी रंगांतल्या त्रिमितीय चित्रात त्यांना धोक्याच्या ३९ टक्के जागा सापडल्या. तीच रोहिणी उलगडून सपाट दाखवली, तेव्हा ६२ टक्के. आणि सपाट चित्राला नीट विचार करून निवडलेली रंगपट्टी लावली, तेव्हा ९१ टक्के. रुग्ण तेच, मोजमापे तीच, पाहणारेही तशाच तयारीचे. फरक होता तो फक्त रेखाटण्याच्या रीतीत.

मॅटप्लॉटलिबच्या कार्यकर्त्यांनी हे मनावर घेतले. स्टेफान फान डेर वॉल्ट आणि नॅथानिएल स्मिथ यांनी रंग डोळ्याला कसे जाणवतात याच्या गणितावर बेतलेली नवी रंगपट्टी रचली. गडद जांभळ्यापासून हिरव्यावरून पिवळ्याकडे जाणारी, उजळपणा पायरीपायरीने सारखा वाढत नेणारी, काळ्या-पांढऱ्यातही टिकणारी. ‘विरिडिस’ हे तिचे नाव. २०१५मध्ये त्यांनी ती टेक्सासमधल्या ‘सायपाय’ या वैज्ञानिक पायथनच्या परिषदेत मांडली आणि जानेवारी २०१७मध्ये आलेल्या मॅटप्लॉटलिब २.०मध्ये जेटची जागा तिने घेतली. ‘आर’ या संख्याशास्त्रातल्या दुसऱ्या मोठ्या प्रणालीनेही ती उचलली. एका सॉफ्टवेअरमधली एक ठरलेली निवड बदलली आणि जगभरच्या प्रयोगशाळांतले नकाशे अधिक खरे झाले. कोणत्याही सरकारने फर्मान काढले नव्हते, कोणत्याही नियतकालिकाने सक्ती केली नव्हती. अभ्यास करून, मतभेद सोसून, जुन्या सवयीच्या लोकांची नाराजी पत्करून काही जणांनी हे काम तडीस नेले.

अशा कामाला पैसा कुठून येतो, हा प्रश्न इथे उभा राहतो. जॉन हंटर पुढे शिकागोतल्या एका वित्त कंपनीत नोकरी करू लागला आणि ती सांभाळून मॅटप्लॉटलिबचे काम करत राहिला. जुलै २०१२मध्ये त्याने सायपाय परिषदेत बीजभाषण केले. परतल्यावर आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले आणि २८ ऑगस्टला, वयाच्या ४४व्या वर्षी, उपचारांतल्या गुंतागुंतीने तो गेला. कोट्यवधी आलेखांचा हा जनक हयातीत फारसा कुणाला ठाऊक नव्हता. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपला विशेष सेवा पुरस्कार पहिल्यांदा दिला तो त्यालाच, पण मरणोत्तर. त्याच्या मागे मायकेल ड्रोटबूम आणि नंतर टॉमस कॅसवेल यांनी धुरा घेतली. हजाराहून अधिक लोकांनी या सॉफ्टवेअरमध्ये काही ना काही भर घातली आहे, पण रोजचा गाडा ओढणारे मोजकेच.

आणि गाडा रोज ओढावाच लागतो. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. जून २०२४मध्ये नमपाय या पायाभूत सॉफ्टवेअरची २.० ही मोठी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक साधनाला तिच्याशी पुन्हा जुळवून घ्यावे लागले. नवे प्रोसेसर येतात, ऑपरेटिंग सिस्टीम बदलतात, फॉन्ट बदलतात. काल नीट चालणारे सॉफ्टवेअर कुणी हात न लावताही आज बंद पडू शकते. आपल्याकडे धरणाच्या भूमिपूजनाला मंत्री येतात, पण शेतापर्यंत जाणाऱ्या चाऱ्यांतला गाळ काढायला निधी नसतो. वैज्ञानिक सॉफ्टवेअरची गत नेमकी तीच आहे. नवे काही ‘बनवण्या’साठी अनुदान मिळते, आहे ते चालू ठेवण्यासाठी मिळत नाही. चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हने २०१९मध्ये वैज्ञानिक मुक्त सॉफ्टवेअरसाठी खास निधी सुरू केला आणि मॅटप्लॉटलिबला त्यातून आधार मिळाला, ही चांगली गोष्ट. पण सार्वजनिक विज्ञानाचा पाया एखाद्या धनिक कुटुंबाच्या दानतीवर अवलंबून राहावा, हे कोणत्याच देशाला भूषणावह नाही.

यात भारताचा वाटा केवळ वापरणाऱ्याचा आहे, असे कुणी समजू नये. आयआयटी मद्रासमध्ये एअरोस्पेसचे पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या प्रभू रामचंद्रन यांना प्रवाहांच्या अभ्यासासाठी त्रिमितीय आकडे पाहण्याचे साधन हवे होते. त्यांनी ते २००१च्या सुमारास लिहिले, नाव दिले ‘मायावी’ आणि मुक्त केले. विमानाच्या पंखाभोवतीची हवा, मेंदूतले स्तर, डोंगरदऱ्यांचा पृष्ठभाग अशा गोष्टी पडद्यावर फिरवून, कापून, आतून पाहता येतील असे हे सॉफ्टवेअर. व्हीटीके या शक्तिशाली पण किचकट प्रणालीवर ते उभे आहे. सामान्य संशोधकाला त्या किचकटपणात शिरावे लागू नये, यासाठी त्यात ‘एमलॅब’ नावाचे आलेखनाचे मोड्यूल आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये पायप्लॉट जे करते, तेच मायावीत एमलॅब करते: ‘सर्फ’ म्हटले की आकड्यांच्या तक्त्याचा डोंगर उभा राहतो, ‘कंटूर’ म्हटले की समान किमतीचे पापुद्रे दिसू लागतात. या घडणीत फ्रान्सचे गाएल वारोको यांचा मोठा हात होता. दोघांनी मिळून २०११मध्ये मायावीवर लिहिलेला लेख जगभर संदर्भासाठी वापरला जातो. रामचंद्रन पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. एका भारतीय विद्यार्थ्याच्या गरजेतून निघालेले साधन युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत पोचले, आणि महाराष्ट्रातल्या किती विज्ञान महाविद्यालयांत त्याचे नाव ठाऊक आहे?

पवईतच केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून ‘फॉसी’ हा प्रकल्प चालतो. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवणे हे त्याचे काम. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून पायथनमध्ये लिहून घेऊन ती सर्वांसाठी खुली करणे, कार्यशाळा घेणे, सायपाय इंडिया परिषद भरवणे हे त्यातून होत आले. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तिथेच उभ्या केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने सॉफ्टवेअरचे छोटे दृक्-श्राव्य धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. म्हणजे माणसे आहेत, अनुभव आहे, साहित्यही आहे. नाही ती राज्यातल्या विद्यापीठांची मान्यता.

फॉसीच्या पायथन धड्यांतले एक उदाहरण आपल्या प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याच्या ओळखीचे आहे. साध्या लंबकाच्या दोऱ्याची लांबी आणि दोलनकाळ यांच्या नोंदींची एक फाइल उघडायची, दोलनकाळाचा वर्ग करायचा आणि लांबीसमोर तो मांडायचा. सरळ रेघ येते. एक मीटर लांबीला दोलनकाळाचा वर्ग साधारण चार येतो आणि रेघेच्या उतारावरून गुरुत्वत्वरण निघते. आपल्या प्रयोगशाळांत हाच प्रयोग पिढ्यानपिढ्या होतो, पण शेवटी काय होते? आलेख कागदावर सहा-सात टिंबे, त्यांतून पट्टीने ओढलेली रेघ, आणि उत्तर ९.८च्या जवळ यावे म्हणून हळूच सरकवलेले एखादे टिंब. जर्नलवर सही होते, गुण मिळतात. मुलाला शिकवले जाते ते एवढेच, की आलेख उत्तराला साजेसा हवा.

तोच प्रयोग मूळ नोंदींच्या फाइलीसह आणि आलेख काढणाऱ्या आठ-दहा ओळींसह मागवला, तर चित्र बदलेल. नोंदी पन्नासही घेता येतील. एखादे टिंब रेघेपासून दूर पडले, तर ते लपवण्याऐवजी का पडले हे विचारता येईल. शिक्षकालाही ती फाइल चालवून तपासता येईल. १९७३मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी चार लहान तक्ते छापले होते. चारही तक्त्यांची सरासरी तीच, सहसंबंध तोच, त्यांतून निघणारी सरळ रेघही तीच. आलेख काढले की एकात खरी सरळ प्रवृत्ती दिसते, दुसऱ्यात कमान, आणि उरलेल्या दोहोंत एकेका भरकटलेल्या बिंदूने सगळे गणित ओढून नेलेले. अकरावीच्या मुलीने हे चार आलेख स्वतः एकदा काढले, तर ‘सरासरी इतकी आहे’ असे सांगणाऱ्या कोणत्याही अहवालाला ती पुढे आयुष्यभर मूळ आकडे मागेल.

मोठ्या विज्ञानातही हाच शिरस्ता आता रूढ होतो आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांना गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत मिळाला. ११ फेब्रुवारी २०१६ला त्याची घोषणा झाली, तेव्हा मूळ आकडेही खुले झाले आणि ते वाचून, गाळून, मॅटप्लॉटलिबने आलेख काढून दाखवणारा पायथनमधला धडाही. पुण्यातल्या कुणा विद्यार्थ्याने लॅपटॉपवर तो चालवला, तर त्याला एक पंचमांश सेकंदात चढत जाणारी ती कंपनांची रेघ स्वतःच्या डोळ्यांसमोर उमटवता येते. आवाजाच्या गलक्यातून असा संकेत शोधून काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी दशकानुदशके काम केले आहे. त्या कामाचे फळ शेवटी कोणाही नागरिकाला तपासता येईल अशा आलेखात उतरले, याहून विज्ञानाची चांगली जाहिरात दुसरी नाही.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा अभिमानास्पद प्रकल्पात लेझर, आरसे, निर्वात नळ्या यांचा खर्च पै-पैने मांडला जातो, आणि तो मांडलाच पाहिजे. त्या यंत्रातून येणारे आकडे ज्या मुक्त सॉफ्टवेअरने पाहिले जातील, त्याच्या देखभालीसाठीही एक ओळ त्या हिशेबात असावी. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असेल. पण त्या एका ओळीने हे मान्य केल्यासारखे होईल, की आरसा घासणारा आणि आलेखाचे सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा एकाच विज्ञानाचे काम करत आहेत.

यावर काही आक्षेप ठरलेले आहेत. फुकट मिळते त्याला पैसे का द्यायचे? कारण ते फुकट ठेवण्यासाठी कुणीतरी रात्री जागतो, आणि तो थांबला तर पुन्हा डोंगलची रांग येते. विकतचे घ्या, कंपनी बघेल, असे दुसरा म्हणेल. पण विकतच्या सॉफ्टवेअरने आलेख कसा काढला हे आतून तपासता येत नाही, आणि ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला तो पुन्हा काढताही येत नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयाला असे लायसन्स परवडत नाही, मग एकतर चोरीची प्रत येते किंवा विषयच बाजूला पडतो. तिसरा म्हणेल, आता एआयला सांगितले की तो आलेख काढून देतो. देतो खरा, पण चॅटजीपीटीसारखे साधन आकड्यांचा आलेख काढते तेव्हा बहुधा पायथनचाच प्रोग्राम लिहून चालवते, आणि रेघ काढणारे हात मॅटप्लॉटलिबचेच असतात.

आणि मराठी माणसाला मॅटप्लॉटलिबच्या प्रकल्पात उतरण्याचे एक घरचे कारण आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये मराठीत शीर्षक लिहून पाहावे. सोबत येणाऱ्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरी फॉन्ट दिला, की अक्षरे येतात पण शब्द मोडतात. ‘किमान’ लिहिले, तर पहिली वेलांटी क सोडून म ला जाऊन चिकटते. ‘पर्जन्य’ लिहिले, तर रफार ज च्या डोक्यावर चढत नाही. र तसाच पाय मोडून उभा, न तसाच पाय मोडून उभा. कारण अक्षरे एकापुढे एक ठेवणे रोमन लिपीला पुरते. देवनागरीत ती जुळवावी लागतात, वेलांटी मागे न्यावी लागते, जोडाक्षर घडवावे लागते. ब्राउझरमध्ये हे काम हार्फबझसारखे सॉफ्टवेअर करते. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या घडणीत मात्र ते वर्षानुवर्षे नव्हते. त्यामुळे ज्याला पावसाचा किंवा भूजलाचा आलेख मराठीत हवा, त्याला नावे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मागाहून चिकटवावी लागतात, नाहीतर मुकाट्याने इंग्रजीत लिहावी लागतात.

ही उणीव प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. अक्षरजुळणी करणारे एक पर्यायी बॅकएंड त्यांच्यातल्याच एकाने लिहिले आहे आणि मूळ घडणीत ती सोय आणण्याचे कामही हाती घेतले गेले आहे. २०२१मध्ये गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात एका भारतीय विद्यार्थ्याने याच भागावर काम केले. एका फॉन्टमध्ये अक्षर नसेल, तर ते दुसऱ्यातून घेण्याची सोय त्या कामातून २०२२च्या ३.६ आवृत्तीत आली. महाविद्यालयातला एक विद्यार्थी जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची मुळे दुरुस्त करू शकतो, याचा हा धडधडीत पुरावा. पण आपल्या विद्यापीठांत अशा कामाला श्रेयांक किती? प्राध्यापकाच्या पदोन्नतीत त्याचे गुण किती? कुणीही न वाचणाऱ्या नियतकालिकात छापलेला निबंध मोजला जातो आणि लाखो लोक वापरतात त्या साधनातली दुरुस्ती मोजली जात नाही.

म्हणून मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीचा हिस्सा असावा. विद्यापीठांनी मुक्त सॉफ्टवेअरमधले तपासून स्वीकारले गेलेले काम पीएच.डी.त आणि पदोन्नतीत संशोधन म्हणून मोजावे. अकरावीपासून विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत निदान दोन प्रयोग मूळ नोंदी आणि आलेखाच्या प्रोग्रामसह मागवावेत. सरकारी खात्यांनी अहवालात आलेख छापला, की त्याखालचे आकडेही खुले ठेवावेत. आणि राज्यातल्या एखाद्या विद्यापीठाने पुढाकार घेऊन दोन-तीन विद्यार्थ्यांना वर्षभराची शिष्यवृत्ती द्यावी. काम एकच: मॅटप्लॉटलिबमधली देवनागरी तपासणे, मोडणाऱ्या शब्दांच्या नोंदी प्रकल्पाकडे पाठवणे आणि दुरुस्तीला हात लावणे. सुरुवात याच शैक्षणिक वर्षात करता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.